पैरवी, कष्टकऱ्यांची (पुणे)

अल्प उत्पन्नावर जगणाऱ्या कुटुंबांशी संबंधित कायदे, नियम व शासन निर्णय घडवण्यासाठी किंवा बदलून घेण्यासाठी राज्य सरकारकडे केलेला संघटित पाठपुरावा. ‘पैरवी’ हा शब्द फार्सी. ‘पावलामागे पाऊल टाकत जाणे’ हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत तो कोर्टकचेरीत रुळला आणि पोलीस खात्यातील ‘पैरवी अधिकारी’ या नावात टिकून आहे. स्वयंसेवी संस्था ‘ॲडव्होकसी’ म्हणतात. हमाल किंवा घरकामगार बाई मात्र ‘निवेदन दिलं’, ‘पाठपुरावा चालू आहे’ असेच सांगते, आणि तेच अधिक नेमके आहे. कारण निवेदन एका दिवसाचे असते, पाठपुरावा वर्षानुवर्षांचा.

पुण्यातील या परंपरेचा उगम कोठे मानावा, याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार तो २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेत आहे. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या सभेचे सभासद होण्यासाठी किमान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आरंभीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी सुमारे सहा हजार सह्या होत्या. आपण कोणाच्या वतीने बोलतो, हे सरकारला कागदावर दाखवण्याची ही रीत त्या काळात विलक्षण म्हटली पाहिजे. १८७६–७८ च्या दुष्काळातही सभेने माहिती गोळा करून सरकारकडे निवेदने पाठवली. मात्र तिचे पुढारपण इनामदार, वकील व व्यापारी या वर्गांकडेच राहिले. दुसरे मत जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे मांडलेल्या निवेदनाकडे बोट दाखवते. कष्टकरी रयतेच्या करातला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, तेव्हा किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी सुचवले होते. कार्यपद्धतीपुरते पहिले मत मान्य करता येईल. परंतु पुढच्या कष्टकरी संघटनांनी आपले नाते फुल्यांशी सांगितले असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली हमालांची संघटना, हमाल पंचायत, साधारणपणे १९५५-५६ मधली. हमालाला एक ठरलेला मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या ट्रकवर, आणि हमाली पोत्यामागे. मालक-नोकर हे नाते गृहीत धरणारे कामगार कायदे त्यामुळे त्याला लागूच होत नसत. ही अडचण १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने सोडवली. सरकार, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ मध्ये उभे राहते. व्यापारी आणि हमालांची टोळी दोघेही तेथे नोंद करतात. व्यापारी मजुरी व तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही (जादा आकार) मंडळात भरतो, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधोपचार यांचा खर्च भागतो. या कायद्याचे श्रेय प्रामुख्याने मुंबईच्या अण्णासाहेब पाटील यांच्या माथाडी चळवळीला दिले जाते व ते योग्यच आहे. पुण्याचा वाटा अंमलबजावणीत अधिक ठळक दिसतो. काम कायद्याच्या अनुसूचीत (कामांच्या यादीत) बसते का, त्या भागासाठी योजना अधिसूचित झाली आहे का, व्यापाऱ्याने नोंदणी केली आहे का, या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय हमालाच्या हाती काही पडत नाही.

राज्याची समाजकल्याण, शिक्षण, साखर, महिला व बालविकास ही आयुक्तालये पुण्यातच असल्याने प्रत्येक कामासाठी मंत्रालय गाठावे लागत नाही. कामगार आयुक्तालय मात्र मुंबईत आहे.

कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची. महापालिकेच्या मान्यतेचे ओळखपत्र ही तिच्या सुरुवातीच्या मागण्यांपैकी एक होती. गळ्यातल्या त्या कार्डामुळे कचराकुंडीवर वाकलेल्या बाईला चोर समजून हटकणाऱ्याला उत्तर मिळाले, आणि योजनांसाठी नोंदलेला कामगारही तयार झाला. ‘अस्वच्छ व्यवसायां’तील पालकांच्या मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती होती, वेचक त्या व्याख्येबाहेर होते. संघटनेने हा प्रश्न लावून धरला आणि पुढे वेचकांच्या मुलांचा समावेश झाला. वेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००७ मध्ये स्थापन झाली. २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला.

घरकामगारांची पुणे शहर मोलकरीण संघटना १९८० च्या संपातून उभी राहिली. महाराष्ट्र घरकामगार कल्याण मंडळ अधिनियम आला २००८ मध्ये. मधली २८ वर्षे पाठपुराव्याचीच. नोंदणी १८ ते ६० वयोगटासाठी असून अर्जासोबत काम देणाऱ्या घराचा दाखला लागतो. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला या एका सहीसाठी चारही दारांत विनवणी करावी लागते, आणि सही देणाऱ्याला आपल्यावर काही कायदेशीर जबाबदारी येईल अशी धास्ती असते. कायद्यातील हा सर्वांत कच्चा दुवा होय. नोंदणी टिकवून ५५ वर्षे पूर्ण करणाऱ्या घरकामगारांसाठी १०,००० रुपयांचे सन्मानधन आहे, तेही एकदाच. हमालांसह सर्व असंघटित कष्टकऱ्यांना म्हातारपणी दरमहा पेन्शन मिळावी, ही मागणी बाबा आढाव यांनी २०१२ पासून पेन्शन परिषदेच्या व्यासपीठावरून देशपातळीवर नेली.