उतरलेले वजन राखण्याचा प्रश्न : कोकणातून पाहिलेली पार्श्वभूमी

आठवड्यातून एकदा टोचून घ्यायची वजन घटवणारी दोन औषधे मार्च आणि जून २०२५ मध्ये भारताच्या बाजारात आली आणि औषध थांबवल्यावर वजनाचे काय होते, याची चर्चा सुरू झाली. कोकणपट्टीत ज्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत तीन-चार वेळा डाएट केले, दर वेळी आठ-दहा किलो उतरवले आणि दर वेळी ते परत अंगावर घेतले, त्यांच्यासाठी हा प्रश्न या औषधांहून जुना आहे. वजन उतरवावे कसे, याबद्दल सल्ल्यांची कमतरता कधीच नव्हती; उतरलेले वजन किती आणि किती काळ राखले म्हणजे यश मानायचे, याचा हिशेब मात्र फार उशिरा मांडला गेला. या टिपणाचा भर त्या हिशेबावर आहे.

आरंभीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, आणि पुन्हा पोटभर खाणे सुरू झाल्यावर अंगावरची चरबी पूर्वीपेक्षाही वाढली. ही माणसे लठ्ठ नव्हती, त्यामुळे त्या निष्कर्षांचा डाएट करणाऱ्यांशी संबंध लावायला बराच काळ जावा लागला. १९५९ मध्ये न्यूयॉर्कमधील एका आहारचिकित्सालयातील १०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनंतर त्यांपैकी केवळ दोघांनी २० पौंडांची घट टिकवली होती. ‘शंभरातले पंच्याण्णव जण अपयशी ठरतात’ हे जे वाक्य आजही आहारसल्ल्यांतून ऐकू येते, त्याचे मूळ बहुतांशी या एका चिकित्सालयात आहे. तेथे रुग्णांच्या हाती आहाराचा तक्ता दिला जाई आणि पुढची विचारपूस जवळजवळ होत नसे. एवढ्या तुटपुंज्या उपचारावरून काढलेला आकडा साठ वर्षांहून अधिक काळ लोकांना धाक घालत राहिला, हे विलक्षणच म्हणायचे.

वारंवार वजन उतरवण्या-चढवण्याला ‘यो-यो’ हे नाव १९८० च्या दशकात मिळाले. १९८६ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात दुसऱ्या फेरीत वजन उतरायला पहिल्या फेरीच्या दुप्पट वेळ लागला आणि ते परत चढायला मात्र एक तृतीयांश वेळ पुरला. त्यावरून अशा फेऱ्यांनी शरीराचा कायमचा बिघाड होतो, असा समज पसरला. १९९४ मध्ये अमेरिकेतील एका तज्ज्ञ गटाने माणसांबाबतचा उपलब्ध पुरावा तपासून हा बिघाड सिद्ध होत नसल्याचा निर्वाळा दिला आणि या भीतीपोटी लठ्ठ माणसांनी वजन उतरवण्याचे प्रयत्न सोडू नयेत, असे सुचवले. निर्वाळा योग्य होता, पण त्याने निम्माच दिलासा दिला. अपाय होत नाही, एवढे सांगितल्याने वजन परत चढायचे थांबत नाही.

खरा गुंता यशाच्या व्याख्येत आहे. १९९४ मध्येच अमेरिकेत, ज्यांनी वजन उतरवून राखले आहे अशा माणसांची एक नोंदवही सुरू झाली. तिच्यात नाव घालण्यासाठी किमान ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंहून थोडी अधिक घट किमान एक वर्ष टिकवलेली असावी लागते. १९९५ मध्ये तिथल्या शासनाला सल्ला देणाऱ्या एका संस्थेने मूळ वजनाच्या ५ टक्के घट एक वर्ष राखली तर यश मानावे, असे म्हटले. २००१ मध्ये संशोधकांनी हे प्रमाण १० टक्क्यांवर नेले, कारण एवढ्या घटीने मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका कमी होतो. वर्षाची मुदत मात्र तशीच ठेवली. या नव्या व्याख्येनुसार सर्वसाधारण लोकसंख्येतील जास्त वजनाच्या माणसांपैकी सुमारे २० टक्के यशस्वी ठरतात, असे त्यांनी मांडले. शंभरातले पाचच यशस्वी, हा जुना हिशेब शंभरातले वीस असा झाला तो उपचार सुधारल्यामुळे नव्हे; कोणाला मोजायचे आणि यश कशाला म्हणायचे, हे दोन्ही बदलले होते. ऐंशी किलोंचा माणूस पंचाहत्तरवर वर्षभर टिकला, तर १९९५ च्या मापाने तो उत्तीर्ण आणि २००१ च्या मापाने नापास ठरतो.

दहा टक्क्यांचे समर्थन करता येते. एका वर्षाचे समर्थन सोय या पलीकडे सापडत नाही. नोंदवहीतील माणसांवरून पुढे असे दिसले की दोन ते पाच वर्षे वजन राखल्यानंतर ते पुढेही राखले जाण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणजे अवघड चढण संपण्याआधीच पहिल्या वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र दिले जाते. या नोंदवहीतील सवयींची यादी (रोजची न्याहारी, आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहणे, सरासरी तासभराचा रोजचा व्यायाम) मराठीतल्या सल्ल्यांतूनही फिरते; ती टिकलेल्यांची यादी आहे आणि याच सवयी पाळूनही न टिकलेले लोक तिच्यात येत नाहीत, हे सहसा सांगितले जात नाही.

कोकणात वर्षाच्या या मुदतीला आणखी एक अडचण येते, कारण इथले खाणे पाऊस आणि पंचांग ठरवतात. मृगाआधी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी होते. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असल्याने ताजी मासळी महागते आणि सुकट-बोंबलावर भागवावे लागते. श्रावणात पुष्कळ घरांत तेही बंद होते. मग गणपतीला चाकरमानी घरी येतात आणि मोदक, घावन-घाटले सुरू होते. पुढे जत्रा, शिमगा आणि मे महिन्यातला आंबा-फणस. जूनमध्ये डाएट धरणाऱ्याला श्रावण संपेपर्यंत पंचांगाचीच साथ असते आणि त्या उताराचे श्रेय डाएटला जाते. अमेरिकेतील १९५ प्रौढांच्या, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सणासुदीच्या दिवसांतली सरासरी वाढ अर्ध्या किलोहूनही कमी आढळली, पण ती पुढे उतरली नाही. तिथे हा एकच मोसम होता. इथे असे मोसम वर्षात अनेक आहेत. त्यामुळे दोन गणपती आणि दोन मे महिने पार पडल्याशिवाय कोकणात वजन राखले गेले असे म्हणू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पूर्वी हीच चक्रे कष्टांनी भरून निघत. सकाळची उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, आणि दिवसभर लावणी किंवा बागेतले काम, यांत वजन वाढायला फारशी जागा नव्हती. पॉवर टिलर आला, बागेतल्या कामाला बाहेरचे मजूर आले, घरोघरी दुचाकी आली; भाताचे ताट मात्र तेवढेच राहिले.

महाराष्ट्रात २०१७-१८ च्या सुमारास दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघर पोहोचली. त्यापूर्वी काही वर्षे दर दोन तासांनी थोडे खाण्याचा सल्ला तितकाच जोरात होता. दोन्ही पाळून पाहिलेली माणसे कोकणात सहज भेटतात. दोन जेवणांच्या पद्धतीने मधल्या वेळचे चहा-बटर आणि फरसाण बंद केले, आणि अनेकांचे वजन उतरले ते बहुधा त्यामुळेच. पण त्या गटांतून तीन महिन्यांत किती किलो गेले याचे आकडे जितक्या उत्साहाने कळवले जात, तितक्या उत्साहाने तीन वर्षांनंतरचे कळवले गेले नाहीत.

अपयशाचे खापर मनोनिग्रहावर फोडण्याची पद्धत मागे पडायला हवी होती, असा पुरावा दरम्यान साचत गेला होता. १० टक्के वजन उतरल्यावर शरीर त्या वजनाला अपेक्षित असते त्याहूनही कमी ऊर्जा खर्च करते, हे १९९५ मध्ये दाखवले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर वर्ष उलटले, तरी भूक वाढवणारी संप्रेरके चढीच होती आणि तृप्तीची उतरलेली होती. अमेरिकेतील वजन उतरवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ जणांना सहा वर्षांनी तपासले असता त्यांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमी आढळला. हा २०१६ मधला आकडा टोकाचा आहे आणि त्याच्या अर्थावर मतभेद आहेत. परत चढणारे वजन हा केवळ जिभेचा दोष नव्हे, एवढे मात्र त्यातून निश्चित होते.

नव्या औषधांचा आधार हीच संप्रेरके आहेत. त्यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाच्या चाचणीत ६८ आठवड्यांनंतर औषध थांबवलेल्या एका गटाचा पुढे वर्षभर मागोवा घेण्यात आला. त्यांची सरासरी १७.३ टक्के घट झाली होती. वर्षाअखेरीस तिच्यातले दोन तृतीयांश परत आले आणि मूळ वजनाच्या तुलनेत ५.६ टक्के घट उरली. २०२२ मध्ये ही बातमी बहुतेक ठिकाणी अपयशाची म्हणून छापली गेली. २००१ च्या दहा टक्क्यांच्या मापाने ती तशीच आहे. १९९५ च्या पाच टक्क्यांच्या मापाने ते सरासरी यश ठरते. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती. त्यानंतरच्या स्वस्त औषधांचे निकाल यांपैकी कोणत्या मापाने मोजले जात आहेत, हे रुग्णाने डॉक्टरांना विचारून घ्यावे.