आधी मोजमाप, मग पाना

महिंद्र अँड महिंद्रने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली, आणि १९८५ साली मारुतीची जिप्सी बाजारात आली. त्या पिढीतल्या कित्येक गाड्या आजही मुंबईतल्या सोसायट्यांच्या आवारात उभ्या असतात आणि शनिवार-रविवारी मावळातल्या चिखलवाटांवर उतरतात. त्यांच्यापैकी जुन्या, कार्ब्युरेटरच्या किंवा साध्या डिझेल पंपाच्या गाड्यांत संगणक नसल्यामुळे बिघाडाचा कोड कुठल्याही यंत्रावर उमटत नाही. मात्र जवळपास प्रत्येक भागापर्यंत हात पोहोचतो आणि प्रत्येक गोष्ट मोजता येते. हा मोठाच फायदा आहे, पण तो फारसा वापरला जात नाही. अंदाजाने सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) बदलला जातो, मग बॅटरी, मग अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र), आणि मूळ दोष असतो तिथेच राहतो.

सर्वांत जास्त आढळणारी तक्रार घेऊ. चावी फिरवली की ‘टक्’ असा आवाज येतो, पण इंजिन फिरत नाही. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ सहज २०० अँपिअर किंवा त्याहून अधिक विद्युतप्रवाह ओढतो. ओहमच्या नियमानुसार बॅटरी ते सेल्फ आणि परत या मार्गात कुठेही केवळ ०.०१ ओहमचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) असेल, तर २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. बारा व्होल्टच्या गाडीत दोन व्होल्ट ही फार मोठी रक्कम आहे. त्या एका सांध्यावर ४०० वॅट उष्णता निर्माण होते, म्हणूनच चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर खराब टर्मिनल हाताला गरम लागते.

हा रोध मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर दिसत नाही, आणि इथेच अनेक जण फसतात. रोध मोजताना मीटर अगदी क्षीण प्रवाह सोडतो, आणि तेवढा प्रवाह केबलच्या शिल्लक राहिलेल्या दोन-चार तारांतूनही आरामात वाहतो. चाळीतले सगळे नळ बंद असताना गंजलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पुरेपूर दिसतो, पण सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की पाइप किती बुजला आहे ते कळते. म्हणून केबल भार असतानाच तपासावी लागते. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, मीटर डीसी व्होल्टवर लावावा, एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खुंटीवर) आणि दुसरे इंजिनच्या ब्लॉकवरील स्वच्छ बोल्टवर टेकवावे, आणि दुसऱ्या माणसाने दोन-तीन सेकंद सेल्फ मारावा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत असेल तर अर्थिंग, म्हणजे प्रवाहाची इंजिनपासून बॅटरीकडे परतीची वाट, ठीक आहे. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त आला, तर दोष त्याच मार्गात आहे. मग टोक एकेक सांधा सरकवत न्यावे. ज्या सांध्यापाशी आकडा एकदम घटतो, तो सांधा उघडावा. धन बाजूचीही अशीच तपासणी होते. त्याआधी बॅटरी पाहणे अर्थातच आवश्यक आहे: काही तास विसावलेली, पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ मारताना ती ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये.

अर्थिंग इतके महत्त्वाचे असण्याचे कारण असे की इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असते आणि रबर वीजरोधक आहे. इंजिनपासून चॅसीपर्यंत जाणारी विणलेली तांब्याची पट्टी सैल झाली की प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो, आणि पुष्कळदा ती वाट अॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल असते. सेल्फ मारल्यानंतर अशी केबल गरम लागली किंवा तिचे आवरण वितळलेले दिसले, तर आणखी पुराव्याची गरज नाही. मुंबईच्या हवेतले मीठ आणि पावसाळ्यातली ओल यांमुळे तांबे आणि पोलाद यांच्या सांध्यावर एक सूक्ष्म विद्युतघटच तयार होतो आणि त्यात पोलाद झिजते. म्हणून सांधा चकचकीत होईपर्यंत घासावा, घट्ट आवळावा आणि आवळल्यावर त्यावर पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरीच्या टर्मिनलवर जमणारी पांढरी-निळसर पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते.

दिव्यांचेही तेच. प्रकाश कमी पडतो म्हणून ६० वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब बसवला, तर प्रवाह सुमारे १.७ पट वाढतो. उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे पावणेतीन पट वाढते. चाळीस वर्षांपूर्वीचा स्विच एवढे सोसत नाही. उलट, हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलत असल्यामुळे वायरिंगमध्ये दहा टक्के व्होल्टेज गळाले तरी प्रकाश ३० टक्क्यांनी घटतो. मूळ बल्ब तसाच ठेवून बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) बसवला, की तो हरवलेला प्रकाश परत मिळतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळेही दिपत नाहीत. लॅमिंग्टन रोडवर हे सारे सामान मिळते.

आता टायरांकडे वळू, कारण हौशी बदलांची सुरुवात तिथूनच होते. जिप्सीच्या २०५/७० आर १५ टायरचा (रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १५ इंच) व्यास हिशोबाने ६६८ मिलिमीटर येतो. त्याजागी अनेक जण २३५/७५ आर १५ बसवतात, ज्याचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर आहे. फरक ६५ मिलिमीटरचा असला, तरी अॅक्सल जमिनीपासून उचलला जातो तो त्याच्या निम्माच, म्हणजे जेमतेम ३३ मिलिमीटर. या लाभाची किंमत मात्र पूर्ण द्यावी लागते. प्रत्येक फेऱ्यात चाक दहा टक्के जास्त अंतर कापते, त्यामुळे स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६६ च्या वेगाने धावत असते. इंजिनचा जमिनीवरील जोर सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो, आणि ब्रेकचाही तेवढाच, कारण दोन्हींना आता अधिक लांब त्रिज्येशी झुंजावे लागते. घाटात गाडी ‘ओढत नाही’ म्हणून कार्ब्युरेटर खोलून बसलेल्या मालकाने आधी हा हिशोब करावा.

शॅकल (स्प्रिंगचे टोक चॅसीला जोडणारी कडी) लांब करून किंवा स्प्रिंगच्या पाट्यांची संख्या वाढवून गाडी उंच करण्याविषयी मी अधिक साशंक आहे. समजा, डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १३०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ६५० मिलिमीटर असेल, तर स्थिर उभी गाडी ढोबळमानाने ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. गुरुत्वमध्य ८० मिलिमीटर वर गेला की हीच मर्यादा ४२ अंशांच्या आत येते. वळणावर प्रत्यक्ष फरक याहून तीव्र जाणवतो. शिवाय कॅस्टर कोन (पुढच्या चाकांच्या वळण्याच्या आसाचा पुढे-मागे कल) बदलून स्टिअरिंग आपोआप सरळ होईनासे होते, आणि अॅक्सलला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर झिजतात. कायद्याचाही प्रश्न आहे: मोटार वाहन कायद्याचे वाहनातील फेरबदलांविषयीचे कलम ५२ आणि त्याच विषयावरील सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, मूळ रचनेपासून दूर नेणारे बदल पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी आरटीओच्या तपासणीत अडचणीचे ठरू शकतात.

याउलट, अगदी थोड्या खर्चाचा एक बदल मी प्रत्येक मुंबईकर जीपमालकाला आग्रहाने सुचवेन. अॅक्सलच्या हाउसिंगवर (बाहेरच्या पोलादी कवचावर) हवा आत-बाहेर होण्यासाठी एक लहानसा ब्रीदर असतो. महामार्गावरून आलेल्या गाडीचे हाउसिंग ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असेल आणि ती हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या साचलेल्या पाण्यात शिरली, तर आतली हवा ३० अंशांपर्यंत थंड होताना सुमारे १२ टक्क्यांनी आकसते. ती पोकळी भरून काढण्यासाठी ब्रीदरमधून किंवा जुन्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली उंचावर नेले, की पाण्याऐवजी हवा आत जाते.

पाणी आधीच शिरले असेल, तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी तळाचा ड्रेन प्लग हळूच सैल करावा. पाणी गिअर ऑइलपेक्षा जड असल्यामुळे वेगळे झालेले पाणी प्रथम बाहेर येते. तेल दुधाळ दिसले, तर ते तेलात घुसळलेले पाणी असते आणि ते वेगळे होत नाही. अशा वेळी सगळे तेल काढून नवे भरावे, थोडी गाडी चालवून ते पुन्हा तपासावे, आणि पुन्हा दुधाळ आढळल्यास पुन्हा बदलावे, कारण बेअरिंगच्या खाचांत अडकलेले पाणी पहिल्या खेपेस पूर्ण निघत नाही.