ऱ्हस्व वेलांटी, दीर्घ वेलांटी आणि ६४ चा पाढा

मागच्या महिन्यात काकांचा फोन आला, अरे सिडकोत ये लगेच, मंडळाच्या यादीत व्हायरस घुसलाय. ज्येष्ठ नागरिक मंडळाची कोजागिरीची यादी, सगळी मराठीत भरलेली, कुणीतरी सीएसव्ही (नुसत्या मजकुराची, स्वल्पविरामाने रकाने पाडलेली फाइल) करून मेलवर पाठवली होती आणि स्प्रेडशीटमध्ये उघडल्यावर नुसता कचरा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार टोकं फुटलेला गोल, मग कुठलंतरी चिन्ह, परत तोच ए, परत तोच गोल. गेलो तर शेजारचे दोघंजण आधीच बसलेले, एक म्हणे फॉरमॅट मारा, दुसरे म्हणे एआयला द्या, तो नावं ओळखून दुरुस्त करतो. (ओळखत बिळखत नाही हो, अंदाज मारतो, आणि वर्गणी भरलेल्यांच्या यादीत अंदाजाने आलेली नावं म्हणजे मारामारीच.)

व्हायरस वगैरे काही नव्हता. फाइल ठणठणीत होती, वाचणारा चुकीचा तक्ता घेऊन बसला होता एवढंच.

कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये अक्षरं नसतातच, ० ते २५५ मधले आकडे असतात, एकेक आकडा म्हणजे एक बाइट. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हा तक्ता वेगळा असतो आणि असे तक्ते ढिगाने आहेत. आज सगळीकडे चालतो तो युनिकोड, त्यात जगातल्या जवळपास प्रत्येक अक्षराला नंबर दिलाय, आपल्या देवनागरीचा पट्टा २३०४ ते २४३१, म्हणजे १२८ नंबर. आता २३४४ हा 'न'चा नंबर, तो २५५ च्या वरचा, एका बाइटमध्ये मावणार कसा? इथे येतं यूटीएफ-८, म्हणजे नंबराचे बाइट पाडायची रीत, सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवताना टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडलेलं. मला हे प्रकरण इतकं आवडतं की हातात पेन असेल तर मी चहावाल्याकडेही पेपराच्या कोपऱ्यात मांडून दाखवतो.

तर 'न' घ्या, २३४४. ६४ ने भागा. भागाकार ३६, बाकी ४०. दोन्हींत १२८ मिळवा, १६४ आणि १६८. पुढे २२४ लावा. झालं, फाइलमध्ये 'न' म्हणजे २२४, १६४, १६८. 'क'चा नंबर २३२५, भागाकार परत ३६, बाकी २१, म्हणून २२४, १६४, १४९. ६४ च का, तर बाइटमध्ये आठ बिट (म्हणजे शून्य किंवा एकची घरं) असतात, मागच्या दोन बाइटांत त्यातले पुढचे दोन '१०' असे राखून ठेवलेत, त्या खुणेची किंमत १२८, उरले सहा बिट आणि सहा बिटांत ६४ च गोष्टी मावतात. आणि २२४ म्हणजे पुढे तीन एक आणि एक शून्य, अर्थ असा की हे अक्षर तीन बाइटचं आहे. नाशिकरोडला गाडी येताना इंजिनावरच लिहिलेलं असावं की मागे दोन डबे, आणि डबा बघून कळावं की हे इंजिन नाही, तसं. त्यामुळे फाइल मधेच तुटली तरी फार तर एक अक्षर जातं, पुढचं इंजिन दिसलं की वाचन परत सुरू.

आता गंमत बघा. २३०४ म्हणजे बरोब्बर ३६ गुणिले ६४. म्हणजे देवनागरीच्या पहिल्या ६४ नंबरांचा मधला बाइट १६४ आणि उरलेल्या ६४ चा १६५. ही सीमारेषा पडते कुठे? ऱ्हस्व वेलांटी २३६७, भागाकार ३६, बाकी ६३, शेवटची. दीर्घ वेलांटी २३६८, भागाकार ३७, बाकी ०. ऱ्हस्व आणि दीर्घच्या बरोब्बर मधून रेघ गेलीय! शाळेत ज्या वेलांटीसाठी मार्क कापले गेले तिथेच.

काकांच्या प्रोग्रॅमने विंडोज-१२५२ हा युरोपीय तक्ता धरला होता. त्यात एक बाइट म्हणजे एक चिन्ह. २२४ म्हणजे तो तिरक्या रेघेचा ए, १६४ म्हणजे चार टोकांचा गोल, म्हणून पहिल्या ६४ मधल्या प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला तीच जोडी. 'नाशिक' लिहायला न, काना, श, वेलांटी, क अशी पाच चिन्हं, पंधरा बाइट, म्हणून पडद्यावर पंधरा चिन्हं. त्यात काना झाला पाऊण, म्हणजे खरोखरचा तीन छेद चार, ऱ्हस्व वेलांटी झाली उलटं प्रश्नचिन्ह, क झाला जाड ठिपका. आणि कुणी 'नाशीक' असं दीर्घ लिहिलं असेल तर तिथे येन आणि युरो! हे ऐकून काका म्हणाले, चलन मिळालं म्हणजे वर्गणी जमली.

(यावरून आठवलं, संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वात योग्य भाषा असं नासाने जाहीर केलं, हे फॉरवर्ड काकांकडेही होतंच. नासातल्या एका संशोधकाने १९८५ मध्ये ज्ञान कसं मांडावं यावर एक लेख लिहिला होता, घोषणा वगैरे काही नाही. कॉम्प्युटरला संस्कृत काय आणि अहिराणी काय, अक्षराला तीन बाइटच.)

फाइल नुसती उघडली असती तर इम्पोर्ट करताना यूटीएफ-८ निवडलं की विषय संपला असता. पण उत्साही भाच्याने तो कचरा तसाच सेव्ह केला होता, म्हणजे आता तो पाऊण खरंच पाऊण म्हणून फाइलमध्ये बसला. अशा वेळी टर्मिनलवरचं, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीतलं, आयकॉन्व्ह काढायचं. छोटासा प्रोग्रॅम, लिनक्स आणि मॅकवर असतोच, त्या खिडकीत आयकॉन्व्ह, मायनस एफ म्हणजे कुठून, मायनस टी म्हणजे कुठे, मग फाइलचं नाव. मी उलटा प्रवास दिला, यूटीएफ-८ कडून विंडोज-१२५२ कडे, म्हणजे पाऊणचा परत १९० होतो आणि ते तीन बाइट जुळून काना परत येतो.

पहिल्या दोन ओळी सुरेख आल्या. तिसऱ्या ओळीत गाव होतं त्र्यंबक, आणि आयकॉन्व्ह तिथेच अडलं, हे रूपांतर होत नाही म्हणून. परत ६४ चा पाढा. त्र मध्ये जोडाक्षर, म्हणजे मधे हलन्त, त्याचा नंबर २३८१, भागाकार ३७, बाकी १३, बाइट २२४, १६५, १४१. आणि विंडोज-१२५२ मध्ये पाच घरं रिकामी आहेत, १२९, १४१, १४३, १४४, १५७. हलन्त नेमका रिकाम्या घरात! तसंच आपले मराठी ए, ऐ आणि झ. म्हणजे झेंडे आडनावाचे लोकही अडकणार. मायनस सी दिलं की आयकॉन्व्ह न जमणारं गाळून पुढे जातं, पण मग हलन्तचे दोनच बाइट उरतात, इंजिन आहे आणि एक डबा गायब, पुढची नावं दिसतील पण सगळी जोडाक्षरं फुटकी. इथे तरी हे बटण दाबू नका.

(आणि कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर आयकॉन्व्ह कामाचंच नाही, तिथे फाइलमध्ये खरीच इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट नुसता वर मराठीचा मुखवटा घालतो. त्याला वेगळे कन्व्हर्टर लागतात.)

शेवटी भाच्याला विचारलं मूळ मेल आहे का, तर होता, डिलीट केलेल्यात. त्यातली फाइल घेतली, इम्पोर्टमध्ये यूटीएफ-८ निवडलं, आणि त्र्यंबकचे चौघं, दोन्ही झेंडे सगळे जागेवर. काकांनी मात्र एक नाव खोडायला सांगितलं, त्यांनी वर्गणी दिलेलीच नाही म्हणे.