यांत्रिक कीबोर्ड : सीमाभागातील निवड आणि जुळणी

प्रत्येक कळीखाली स्प्रिंग आणि धातूचे संपर्क असलेला स्वतंत्र स्विच बसवलेला असतो, त्याला यांत्रिक किंवा मेकॅनिकल कीबोर्ड म्हणतात. साध्या कीबोर्डात रबराचे घुमट असतात आणि कळ जवळजवळ तळाला टेकल्याशिवाय अक्षर उमटत नाही. यांत्रिक स्विचमध्ये कळीचा प्रवास साधारण ४ मिमी असतो आणि २ मिमीच्या आसपासच अक्षर उमटते. स्विच, कीकॅप (कळीवरची टोपी), स्टॅबिलायझर (लांब कळ डगमगू नये म्हणून दिलेला तारेचा आधार) असे भाग सुटे मिळत असल्यामुळे हा कीबोर्ड आपल्या हाताला हवा तसा जुळवता येतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात टायपिंग करणाऱ्याच्या हाताखालून एका दिवसात तीन भाषा जातात. लग्नपत्रिका मराठीत, सरकारी अर्ज कन्नडमध्ये, ईमेल इंग्रजीत. म्हणून इथे स्विचचा रंग ठरवण्याआधी कीबोर्डचा आकार ठरवावा. इंग्रजीपुरता विचार करून दिलेला सल्ला इथे अपुरा पडतो.

भारतीय लिप्यांसाठीची इन्स्क्रिप्ट मांडणी आयएस १३१९४ : १९९१ या मानकात दिली आहे. तीत बहुतेक सर्व व्यंजने उजव्या हाताला आणि स्वर-मात्रा डाव्या हाताला येतात. मुख्य म्हणजे एकाच उच्चाराचे अक्षर सर्व लिप्यांत एकाच कळीवर असते. ‘क’ मराठीतही इंग्रजी केच्या कळीवर आणि कन्नडमध्येही तिथेच. ‘ळ’ दोन्हीकडे शिफ्ट आणि एन. मराठीत ‘बेळगाव’ लिहिताना वाय, एस, शिफ्ट-एन, आय, ई, बी अशी बोटे पडतात. कन्नडमध्ये ‘बेळगावि’ लिहिताना शेवटी वेलांटीची एफ वाढते आणि एसच्या जागी झेड येते, कारण तिथला एकार ऱ्हस्व आहे. बाकी बोटे जशीच्या तशी. एक मांडणी हातात बसली की दुसरी लिपी निम्म्याहून अधिक आलेलीच असते, ही सोय इथल्या माणसाने जरूर घ्यावी.

अडचण येते ती ऱ्हस्व ओकाराची. कन्नड इन्स्क्रिप्टमध्ये तो १ च्या डावीकडच्या, अगदी कोपऱ्यातल्या कळीवर आहे. ‘कोडि’ लिहायला ती कळ लागते आणि ‘ओंदु’ लिहायला शिफ्टसह तीच. पूर्ण कीबोर्डच्या साठ टक्के आकाराच्या छोट्या कीबोर्डवर नेमकी ती जागा एस्केपला दिलेली असते. पासष्ट टक्क्यांच्या बऱ्याच मॉडेलांतही तसेच. मराठीत ही कळ लागत नाही, त्यामुळे फक्त मराठी लिहून पाहणाऱ्याला उणीव जाणवत नाही. पहिले कन्नड पत्र टाइप करायला बसल्यावर ती कळते. पंचाहत्तर टक्के किंवा ८७ कळांचा टीकेएल (उजवीकडचा आकड्यांचा गट नसलेला कीबोर्ड) घेतला तर हा प्रश्न उरत नाही. आकड्यांची ओळ नसलेला कीबोर्ड तर इथे घेऊच नये, कारण ज्ञ, त्र, क्ष, श्र हे शिफ्टसह ५ ते ८ वर आहेत. नुडी या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरमधील क-ग-प मांडणी वापरणाऱ्याचे काम मुख्यतः इंग्रजी अक्षरांच्या कळांवर भागते, त्याला छोटा आकार चालू शकतो.

आज सर्वाधिक प्रचलित असलेली स्विचची रचना जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणलेल्या एमएक्स मालिकेची आहे. पेटंटची मुदत संपल्यावर गॅटेरॉन, काइल्ह, आउटेमू यांनी त्याच मापाचे स्विच काढले आणि किमती उतरल्या. लिनियर स्विच (चेरीचा लाल, सुमारे ४५ ग्रॅम) सरळ खाली जातो. टॅक्टाइल (तपकिरी, सुमारे ५५ ग्रॅम) मध्ये हलकासा अडथळा जाणवतो. क्लिकी (निळा, सुमारे ६० ग्रॅम) टकटक आवाज करतो. सेवा केंद्रात किंवा वकिलांच्या कार्यालयात दिवसभर बसणाऱ्यांसाठी टॅक्टाइल योग्य. क्लिकी स्विच शेजारच्या टेबलावरच्या माणसावर अन्याय करतो.

इन्स्क्रिप्टमध्ये बोटांवरचा भार इंग्रजीपेक्षा वेगळा वाटला जातो. ज, च, ट, ड आणि ‘डॉक्टर’मधला ॉ, हे सगळे उजव्या करंगळीकडे. हलंत डीच्या कळीवर. ‘राष्ट्र’ एवढ्या शब्दात ती दोनदा दाबावी लागते. हॉट-स्वॅप सॉकेट असलेल्या कीबोर्डात डाग न देता, म्हणजे सोल्डरिंग न करता, एकेक स्विच बदलता येतो. करंगळीच्या कळांखाली हलके स्विच बसवले की संध्याकाळी हात दुखणे कमी होते. स्विच बसवताना त्याच्या पिना सरळ आहेत ना, हे आधी पाहावे. वाकलेली पिन जोर लावला की दुमडते. पाच पिनांचा स्विच तीन छिद्रांच्या सर्किट-पट्टीत बसवायचा तर प्लॅस्टिकचे दोन पाय कापावे लागतात. महाप्राण अक्षरांसाठी शिफ्ट सतत दाबली जाते, म्हणून तिच्या स्टॅबिलायझरच्या तारेला ग्रीस लावून खडखड आधी काढून घ्यावी.

क्यूएमके किंवा व्हिया (कळांची कामे बदलून देणारी सॉफ्टवेअर) चालणाऱ्या कीबोर्डात कॅप्स लॉकला भाषाबदलाचे काम देता येते. विंडोजमध्ये विंडोज-स्पेस हा जोड त्या एका कळीवर टाकला की मराठी, कन्नड, इंग्रजी अशी फेरी एका बोटाने होते. तीन भाषांत काम करणाऱ्याला स्विच बदलण्यापेक्षाही याचा फायदा जास्त.

कीकॅप एबीएस किंवा पीबीटी प्लॅस्टिकच्या असतात. एबीएस काही महिन्यांत चकचकीत आणि निसरडी होते, पीबीटीचा खरखरीतपणा टिकतो. पीबीटी पॉलिएस्टर असल्यामुळे उष्णतेने तिच्यात शाई मुरवता येते, म्हणजे मराठी आणि कन्नड अक्षरे एकाच कळीवर छापून घेता येतात. मात्र शाई कॅपच्या रंगापेक्षा गडद हवी. चिकट अक्षरपट्ट्या स्वस्त, पण घामाने कडा सुटतात आणि बोटाला लागतात. शिकाऊ हातांना पट्ट्या चालतील, रोजच्या कामाला नकोत. खानापूरकडच्या पावसाळ्यात कॅप साबणाच्या पाण्याने धुतल्या तर आतल्या खाचेतले पाणी पूर्ण वाळेपर्यंत त्या स्विचवर बसवू नयेत.