पवित्र्याचा रोख (गोल्फ)

गोल्फमध्ये चेंडू मारण्यापूर्वी पावले, गुडघे, कंबर आणि खांदे यांच्या रेषा लक्ष्याच्या दिशेशी जुळवून घेणे म्हणजे पवित्र्याचा रोख ठरवणे. खेळाडूंच्या तोंडी याला 'अलाइनमेंट' म्हणतात. जुम्मादादा आणि प्रा. माणिकराव यांच्या आखाड्याची परंपरा सांगणाऱ्या बडोद्यात 'पवित्रा' हा शब्द मराठी माणसाला समजावून द्यावा लागत नाही. मात्र लाठीतला पवित्रा समोरच्याच्या हालचालीबरोबर बदलतो, तर गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो. त्यामुळे पवित्र्यातली चूक सर्वस्वी खेळाडूची स्वतःची असते.

बडोद्यात हा खेळ लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात रुजला. महाराजा प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९३० च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी तेथे मैदान आखले. १९९० च्या दशकात त्यांचे नातू आणि माजी रणजीपटू समरजितसिंह यांनी त्याचे नूतनीकरण करून ते लोकांसाठी खुले केले. मोतीबाग क्रिकेट मैदानही याच आवारात आहे. क्रिकेट खेळून आलेल्या माणसाची एक सवय इथे आड येते. गोलंदाजाकडे डावा खांदा रोखावा तसा तो भोकावरच्या झेंड्याकडे खांदा रोखतो आणि नकळत लक्ष्याच्या उजवीकडे वळून उभा राहतो.

पवित्र्याचे तीन प्रकार मानतात (वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्याचे आहे, डावखुऱ्याने ते उलटे घ्यावे). सरळ पवित्र्यात पावलांची रेषा चेंडू ते लक्ष्य या रेषेला समांतर असते. उघड्या पवित्र्यात डावे पाऊल मागे घेतल्याने अंग लक्ष्याच्या डावीकडे वळते, तर बंद पवित्र्यात उजवे पाऊल मागे जाऊन अंग उजवीकडे वळते. सरळ पवित्र्यासाठी रेल्वेच्या रुळांचा दाखला देतात, आणि तो चपखल आहे. चेंडू बाहेरच्या रुळावर, पावले आतल्या रुळावर. लक्ष्याकडे फक्त बाहेरचा रूळ जातो. आतला त्याच्या किंचित डावीकडे राहतो. म्हणून पावलेच लक्ष्यावर रोखणे ही चूक आहे. रोख १ अंशाने हुकला तर १५० मीटरवर चेंडू सुमारे २.६ मीटर बाजूला पडतो. ५ अंशांनी हुकला तर १३ मीटर.

चेंडू कोणत्या दिशेने सुटेल हे मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबचा (चेंडू मारायच्या दांड्याचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारा पृष्ठभाग, कुठे पाहत होता यावर ठरते. क्लब कोणत्या वाटेने आला आणि फेस त्या वाटेशी किती तिरका होता, यावरून चेंडू हवेत वळतो. वाटेवरूनच चेंडूची सुरुवातीची दिशा ठरते असे पूर्वी शिकवत, ते चुकीचे ठरले. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी फेस लक्ष्यावर ठेवायचा, मग पावले त्याच्याशी जुळवायची. बहुतेक नवशिके नेमके उलट करतात. अमेरिकेचे विख्यात गोल्फपटू जॅक निकलॉस चेंडूच्या पुढे काही फुटांवर गवताचा तुकडा किंवा एखादी खूण निवडून त्यावर फेस रोखत. दूरच्या झेंड्यापेक्षा जवळची खूण डोळ्यांना फसवत नाही, आणि याहून सोपा उपाय नाही.

चेंडू सतत उजवीकडे वळू लागला की खेळाडू पावले अधिकाधिक डावीकडे वळवतो. त्यामुळे क्लब चेंडूवरून आणखी तिरका कापत जातो आणि वळण वाढते. हा फेरा मोडायचा तर धीर धरून पावले सरळ आणावीत आणि दोष पकडीत व फेसमध्ये शोधावा. खांदेही तपासावेत, कारण पकडीत उजवा हात खाली असल्याने उजवा खांदा पुढे येऊ पाहतो, आणि चेंडू डाव्या पावलाकडे जास्त सरकला की खांदे आणखी उघडतात. पावले सरळ आणि खांदे उघडे असतील, तर क्लब बहुधा खांद्यांच्याच मागे जातो.

तरीही सरळ पवित्रा हा सर्वांसाठी अटळ नियम नाही. अमेरिकेचे ली ट्रेव्हिनो उघड्या पवित्र्यातून चेंडू डावीकडे सोडून उजवीकडे वळवत आणि त्यांनी सहा मेजर (सर्वांत मानाच्या) स्पर्धा जिंकल्या. दक्षिण आफ्रिकेचे बॉबी लॉक बंद पवित्र्यातून चेंडू उजवीकडून डावीकडे आणत; त्यांनी १९४९, १९५०, १९५२ आणि १९५७ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकली. दोघांनीही चेंडूचे एकच वळण सांभाळले. रोज पवित्रा बदलणाऱ्याला हा आधार मिळत नाही.

ग्रीनजवळच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळच्या) छोट्या फटक्यांत पावले थोडी उघडी ठेवतात, आणि वाळूतून चेंडू काढताना पावलांबरोबर फेसही उघडतात. उतारावर चेंडू पावलांपेक्षा उंच असेल तर तो डावीकडे ओढला जातो, म्हणून रोख उजवीकडे धरावा. खाली असेल तर डावीकडे.

सरावात क्लब किंवा काठी जमिनीवर आडवी ठेवून पावले जुळवता येतात. प्रत्यक्ष खेळात मात्र अशी वस्तू ठेवून पवित्रा घेतल्यास, ती मारण्यापूर्वी उचलली तरी, स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून निकाल लावण्याच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड होतो. खेळाडू पवित्रा घेऊ लागल्यावर कॅडीने (खेळाडूचे क्लब वाहणाऱ्या मदतनिसाने) चेंडूमागे त्याच रेषेत मुद्दाम उभे राहण्यासही २०१९ पासून मनाई आहे.