बंबलबी म्हणजे आपला भुंगा नाही

शेवग्यावर घुं घुं करत येणाऱ्या काळ्या भुंग्याचा फोटो टाकून खाली 'बंबलबी' लिहायची सवय पडलीय, त्यामुळे आधी हा नावाचा गुंता. खरी बंबलबी, म्हणजे एक मोठी केसाळ माशी, खान्देशात नाहीच. ती थंड हवेची, भारतात हिमालय आणि ईशान्येचे डोंगर हे तिचं घर, भुसावळचं 44-45 अंशांचं ऊन तिला झेपायचं नाही. आपल्याकडे दिसतो तो सुतार भुंगा. बंबलबीच्या पोटावर दाट लव असते, ह्याचं पोट काळं चकचकीत. बॉम्बस (बंबलबी) आणि झायलोकोपा (सुतार भुंगा) ही दोन्ही शास्त्रीय नावं 1802 मध्ये एकाच फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानं वेगवेगळी दिलीत, म्हणजे शास्त्रात घोळ नव्हता, तो आपण बंबलबीचं भाषांतर 'भुंगा' असं करताना केला.

आणि जुन्या मराठीला तर हा भुंगा चांगला माहीत होता. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात कसलंही कोरडं लाकूड कोरणारा भ्रमर कोवळ्या कळीत अडकतो असा दाखला आहे. लाकूड कोरणं हे सुतार भुंग्याचंच काम, बंबलबी बहुतेक उंदराच्या जुन्या बिळात नाहीतर गवतात घर करते. मग भ्रमर, भुंगा हे शब्द तिला का देऊन टाकायचे?

त्यात भर म्हणजे शेतीत चक्रीभुंगा, गेंड्या भुंगा, सोंड्या भुंगा, हुमणीचे भुंगेरे, ही सगळी कडक पाठीच्या ढालपंखी किड्यांची (बीटलची) जात आणि सगळी पिकाची दुश्मन, त्यामुळे भुंगा म्हटलं की हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. सुतार भुंगा मात्र मधमाशीच्या कुळातला. मादी वाळक्या लाकडात, बांबूत बोगदा पाडते, परागाचा गोळा ठेवून त्यावर अंडं घालते आणि भुशाची भिंत घालून पुढचा कप्पा करते. नराला नांगी नसतेच, मादीही उगाच चावत नाही.

भरताच्या वांग्याचं फूल बघा. पराग पुंकेसराच्या टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर येतो, मधमाशीला तो झाडता येत नाही, भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो आणि पराग खाली पडतो. युरोपात 1980 च्या दशकात पॉलिहाऊसच्या टोमॅटोसाठी बंबलबी डब्यात विकायला लागले ते ह्याच थरथरीसाठी. पुढे ती चिलीत नेली, तिथली मोठी केशरी देशी बंबलबी मागे हटली. 2017 ला अमेरिकेत बंबलबीची एक जात संकटग्रस्त यादीत गेली, 2018 ला युरोपियन युनियननं 3 निओनिकोटिनॉइड कीटकनाशकं उघड्या शेतात बंद केली, त्यातलं इमिडाक्लोप्रिड आपण कपाशीवर वापरतो. तिकडच्या बंबलबीवर एवढी चर्चा झाली, आपल्या भुंग्याची साधी नोंदसुद्धा धड होत नाही, आणि लाकूड-मातीच्या छताची धाब्याची घरं पाडून स्लॅब पडतायत तसं त्याला कोरायला जुनं लाकूडही कमी होत चाललंय.