जॉर्जियन की व्हिक्टोरियन? तावदानं मोजून थांबू नका

इंग्लंडमध्ये विटांची किंवा दगडांची, एकमेकांना खेटून उभी असलेली जुनी घरं दिसली की फोटोखाली ‘व्हिक्टोरियन’ लिहून लोक मोकळे होतात. बाथ शहरातलं रॉयल क्रेसेंट, म्हणजे चंद्रकोरीसारखी वळलेली घरांची रांग, हेही यातून सुटत नाही. ते बांधलं १७६७ ते १७७४ मध्ये आणि व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ साली! ती रांग अस्सल जॉर्जियन, म्हणजे व्हिक्टोरियाच्या आधीच्या जॉर्ज राजांच्या काळातली आहे.

व्हिक्टोरियन थाट मुंबईकराला काय सांगायचा, सीएसएमटी रोज डोळ्यांसमोर आहे. घरांत तो बे विंडो (भिंतीबाहेर पुढे आलेली खिडकी), उतरती छपरं आणि नक्षीतून दिसतो. जॉर्जियन घराची दर्शनी भिंत सपाट, छप्पर बहुधा कठड्याआड, सारी शोभा प्रमाणबद्धतेत. मला तरी हेच घर जास्त आवडतं.

खरा घोळ खिडकीपाशी होतो. वर-खाली सरकणाऱ्या झडपा दोन्हीकडे असतात. जॉर्जियन झडपेत बहुधा सहा छोटी तावदानं. त्या काळी काच फुंकून, गरगर फिरवून तिची चकती करत आणि तिच्यातून तुकडे कापत. मोठा तुकडा निघायचाच नाही. वर काचेवर वजनानुसार कर. तो १८४५ साली गेला, मोठ्या काचा परवडू लागल्या आणि झडपेत एक-दोनच तावदानं उरली. काच जड झाली, आधाराच्या लाकडी पट्ट्या मात्र गेल्या. मग सांधा निखळू नये म्हणून वरच्या झडपेची उभी लाकडं खाली थोडी पुढे सोडली जाऊ लागली. कोपऱ्यांतली ही छोटी शिंगं रस्त्यावरूनही दिसतात.

पण इथेच लोक फसतात. अनेक जॉर्जियन घरांच्या झडपा पुढे बदलल्या गेल्या, त्यामुळे शिंगं फक्त झडपेचं वय सांगतात, घराचं नाही. घरासाठी भिंत, छप्पर, मजल्यांची उंची एकत्र वाचावी लागते. लंडनचा बेडफर्ड स्क्वेअर बघा: पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, म्हणून तिथल्या खिडक्या उंच, वर चढावं तशा त्या बुटक्या होतात. चौकटीचं लाकूडही जेमतेम दिसतं, कारण आगीच्या धास्तीने १७७४ च्या कायद्याने ते विटांच्या आड ढकललं. ही शिस्त सुरुवातीच्या व्हिक्टोरियन बांधकामातही टिकली, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये.

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनला राहिले ते १०, किंग हेन्रीज रोडचं घर व्हिक्टोरियन काळातलं आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतलेल्या या वास्तूविषयी लिहिताना तरी ‘जॉर्जियन’ लिहू नका.